मोठी आंतरराष्ट्रीय शिखर परिषद भरवायची तर आधी नेमकं काय मोजायचं?

शून्यप्रहर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. एका बऱ्यापैकी मोठ्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या तयारीच्या गटात माझं नाव घातलं गेलंय. कुठली परिषद, कुठे, ते विचारू नका, सांगता येणार नाही. माझ्या वाट्याला काम आलंय "लॉजिस्टिक्सचा प्राथमिक आराखडा", बस एवढीच ओळ, पुढे काही नाही. पहिल्या मीटिंगला गेलो तर सगळा वेळ हॉलमध्ये खुर्च्या किती बसतात आणि स्टेजमागच्या पडद्याचा रंग कोणता या दोनच गोष्टींवर गेला. बाहेर पडताना एक सीनियर म्हणाले, तुम्ही हॉल फायनल करा बाकी आपोआप बसतं. मला काही ते पटेना. डोक्यात सध्या क्रम असा आहे की हॉल, मग हॉटेलं, मग गाड्या, मग सुरक्षा. इथे बरेच जण अशा कामात राहिलेले आहेत म्हणून विचारतोय, सुरुवात कुठून करू?

गेटकीपर

क्रम उलटा करा. हॉल शेवटी. आधी दार.

मी अशा परिषदांच्या नोंदणी-बॅजच्या बाजूला बरीच वर्षं काढलीयत म्हणून थोडं लांबण लावतो. सगळे विचारतात "एकूण किती माणसं येणार", आणि तो आकडा जवळजवळ निरुपयोगी असतो. विचारायचं ते असं की सगळ्यात गर्दीच्या तासाला दारावर किती माणसं येणार. समजा बारा हजार लोक येणार आहेत आणि उद्घाटन दहाला आहे, तर त्यातले बहुतेक आठ ते दहामध्येच येणार, म्हणजे ताशी सहा हजार. आता एक स्कॅनरची लेन, बॅग पट्ट्यावर ठेव, लॅपटॉप काढ, कोट काढ, पुन्हा घाल, असं करत ताशी समजा दीडशे माणसं सोडते. म्हणजे चाळीस लेन लागल्या. आराखड्यात किती असतात? दहा-बारा. कारण आर्किटेक्टने दार सुंदर काढलेलं असतं आणि त्यात तेवढ्याच बसतात. मग बाहेर रांग, आणि त्या रांगेत कोण उभं असतं तर मंत्री, वाटाघाटी करणारे, पत्रकार. पहिल्या दिवसाच्या बातम्या त्या रांगेवरच होतात.

कोपनहेगनची २००९ ची हवामान परिषद आठवतेय का? बेला सेंटरची क्षमता पंधरा हजार आणि नोंदणी झालेली पंचेचाळीस हजारांच्या आसपास. डिसेंबरच्या थंडीत लोक तासन्‌तास बाहेर उभे होते, आणि मग दुसऱ्या आठवड्यात स्वयंसेवी संस्थांसाठी मोजकेच दुय्यम बॅज काढले, नेहमीच्या बॅजसोबत तोही असेल त्यालाच आत, अशी संख्या कापावी लागली. तिथे हॉलमध्ये खुर्च्या कमी पडल्या अशी तक्रार कोणी केल्याचं मला तरी आठवत नाही.

तिरकस

म्हणजे पडद्याच्या रंगावर चर्चा झाली ती वाया नाही गेली. रांगेतल्या लोकांना निदान लाईव्ह स्क्रीनवर तो रंग बघता येईल.

अनुस्वार

गेटकीपर, ग्लासगोला २०२१ मध्येही हेच झालं होतं ना? कोविडमुळे आत एका वेळी किती माणसं यावर मर्यादा होती आणि पहिल्या दिवशी दारावर गोंधळ.

गेटकीपर

हो, आणि त्याहून वाईट म्हणजे इस्रायलच्या तेव्हाच्या ऊर्जामंत्री व्हीलचेअर वापरतात, त्यांना त्या दिवशी आत जाताच आलं नाही, परत हॉटेलवर जावं लागलं. यूकेच्या तेव्हाच्या पंतप्रधानांना नंतर दिलगिरी व्यक्त करावी लागली. बघा, आत रॅम्प वगैरे सगळं असतं, पण गाडी कुठे थांबते तिथून दारापर्यंतचा तुकडा कोणाच्याच नकाशावर नसतो. सुरक्षावाले म्हणतात आमची हद्द दारापासून, वाहतूकवाले म्हणतात आमची हद्द ड्रॉप पॉइंटपर्यंत, आणि मधले काही शे मीटर बेवारस. शून्यप्रहर, तुम्ही पहिलं काम हे करा, त्या मधल्या तुकड्यावर कोणाचं तरी नाव लिहून घ्या. लेखी.

ताफेवाला

+१ गेटकीपर. पण दार म्हणजे फक्त माणसांचं दार नाही हो, विमानतळाचंही दार असतंय आणि तिथला हिशेब आणखी किचकट.

राष्ट्रप्रमुख येतो म्हणजे एक विमान येत नाही. पुढे अ‍ॅडव्हान्स टीम, मग गाड्या आणि उपकरणं घेऊन मालवाहू विमान, मग मुख्य विमान, काहींचं राखीव विमान. ही सगळी उतरवून ठेवायची कुठे? नेहमीची प्रवासी वाहतूक चालू ठेवून एका विमानतळावर एवढा पार्किंग बे नसतो, म्हणून नेत्याला उतरवून विमान आजूबाजूच्या विमानतळांवर पाठवतात आणि निघायच्या वेळी परत बोलावतात. त्या परत बोलावण्याला पुन्हा स्लॉट लागतो. जी-२० ला २०२३ मध्ये दिल्लीत कॅनडाच्या पंतप्रधानांचं विमान बिघडलं आणि ते परिषद संपल्यावर दोन दिवस अडकले. यजमानाची त्यात काही चूक नाही, पण हॉटेल, सुरक्षा, गाड्या, सगळं दोन दिवस जास्त चालवावंच लागतं. आराखड्यात "सगळे वेळेवर गेले" असं धरूनच चालतात लोक, तसं धरू नका.

आणि जिना! हांगझोला २०१६ च्या जी-२० ला अमेरिकन अध्यक्षांच्या विमानाला नेहमीचा उंच जिना लागलाच नाही, पोटाकडच्या छोट्या जिन्यानं उतरले. चूक कोणाची यावर दोन्ही बाजूंच्या गोष्टी वेगळ्या. पण जगभर फोटो त्याचाच गेला. कुठल्या विमानाचा दरवाजा किती उंचीवर, जिना कोणाचा, चालवणारा कोण, तो कुठली भाषा बोलतो, हे सगळं आधी कागदावर पाहिजे.

आता ताफ्याचं सांगतो. आगमनाच्या वेळा यादीत सुंदर दिसतात, प्रत्येक नेत्यामध्ये ठरावीक मिनिटांचं अंतर. प्रत्यक्षात एकाला लिफ्टमध्ये उशीर झाला की मागचे सगळे हॉटेलातच थांबवून ठेवायचे, रस्त्यावर दोन ताफे एकमेकांच्या मागे थांबलेले कुठल्याच सुरक्षा पथकाला चालत नाहीत. म्हणून हॉटेलातून "सोडणारा" माणूस आणि दारावर "घेणारा" माणूस हे दोघं एकाच चॅनलवर लागतात, मधे तिसरा नको. रिहर्सलला आम्ही रिकाम्या गाड्या पळवायचो. गालिच्याच्या कडेला जमिनीवर छोटीशी टेपची खूण असते, ड्रायव्हरचा आरसा तिथे आला की थांबायचं, तरच मागचं दार बरोबर गालिच्यासमोर उघडतं. अर्धा मीटर चुकलं तर पाहुणा गालिच्याच्या बाहेर पाय ठेवतो आणि कॅमेरे समोरच असतात. त्यातून लांब आर्मर्ड गाडी असेल तर तिची खूण वेगळी. एकेका गाडीच्या नावाने वेगळ्या टेप लावल्यायत आम्ही.

जुनाखेळाडू

मस्त चाललाय धागा. राहण्याच्या व्यवस्थेबद्दल कोणी बोललं नाही म्हणून मी.

शहरात खोल्या नसतील तर काय करतात? जहाजं आणतात. इटलीत जेनोव्हाला २००१ च्या जी-८ ला बहुतेक नेत्यांनाच जहाजावर ठेवलं होतं. पापुआ न्यू गिनीत पोर्ट मोरेस्बीला २०१८ मध्ये अपेकसाठी (आशिया-पॅसिफिक देशांची आर्थिक परिषद) क्रूझ जहाजं, ग्लासगोला जहाजं, ब्राझीलमध्ये बेलेमला २०२५ च्या हवामान परिषदेसाठी पुन्हा दोन मोठी क्रूझ. कागदावर सोपं वाटतं पण जहाज बंदरात लागतं आणि परिषद असते शहरात. म्हणजे सकाळी हजारो लोकांना बंदरातून एकाच वेळी उचलायचं. परत गेटकीपरचंच गणित, फक्त रांग बसची.

बेलेमची एक गोष्ट मात्र मला आवडली. नेत्यांची बैठक मुख्य परिषदेच्या आधीच उरकली, ६-७ नोव्हेंबरला, आणि परिषद सुरू झाली १० ला. म्हणजे सगळ्यात कडक सुरक्षेचे दिवस आणि सगळ्यात जास्त गर्दीचे दिवस वेगळे काढले. पॅरिसला २०१५ मध्ये दीडशेच्या आसपास नेते पहिल्याच दिवशी आणून मोकळे झाले होते. कोपनहेगनला ते शेवटी आले आणि सगळे ताण एकाच वेळी वर चढले. याचं राजकीय कारण असतं हे खरंय, पण लॉजिस्टिक्सवाल्याच्या दृष्टीनं हा एकच निर्णय बाकी पन्नास गोष्टी सोप्या करतो. शून्यप्रहर, तुमच्याकडे नेत्यांचा दिवस कुठला हे ठरलंय का? नसेल तर तुमचा आवाज आत्ताच लावा, नंतर कोणी ऐकत नाही.

शून्यप्रहर

बापरे, एका दिवसात एवढं! धन्यवाद सगळ्यांना. जुनाखेळाडू, नाही ठरलेलं. आत्ताच्या ड्राफ्टमध्ये नेते आणि सगळ्यात मोठं प्रदर्शन एकाच दिवशी आहे, "वातावरण भारलेलं राहील" म्हणून.

एक प्रश्न, एवढी कटकट असेल तर लांब डोंगरातल्या रिसॉर्टवर का नाही घेत? रांगा नाहीत, निदर्शनं नाहीत.

जुनाखेळाडू

घेतात की. जेनोव्हाला हिंसाचार झाला, एक निदर्शक मारला गेला, त्यानंतरची जी-८ कॅनडाने २००२ मध्ये कॅनानास्किसला डोंगरात नेली. पत्रकारांचा तळ कॅल्गरीत, लांब. २०२५ ची जी-७ पण तिथेच झाली. पण ते सात-आठ देशांचं काम आहे, छोटी शिष्टमंडळं. दोनशे देश आणि हजारो निरीक्षक असतील तर डोंगरात नेऊन करणार काय, एकच रस्ता असतो आणि तो बंद पडला की सगळंच बंद.

रिसॉर्ट म्हणजे सुरक्षित हाही समज काढून टाका. थायलंडमध्ये पट्टायाला एप्रिल २००९ मध्ये आसियानची (आग्नेय आशियाई देशांची संघटना) बैठक समुद्रकाठच्या हॉटेलात होती, निदर्शक थेट आत घुसले, नेत्यांना हेलिकॉप्टरनं आणि बोटीनं बाहेर काढावं लागलं आणि परिषदच रद्द झाली.

तिरकस

सुरक्षेचा विषय निघालाच आहे तर सिडनी २००७. अपेक परिषद, कुंपणं, स्नायपर, सगळं. ऑस्ट्रेलियातल्या एका विनोदी टीव्ही कार्यक्रमाच्या टीमने भाड्याच्या काळ्या गाड्या घेतल्या, कॅनडाचे झेंडे लावले आणि खोटा ताफा घेऊन दोन चेकपॉइंट आरामात पार केले. आत एक जण ओसामा बिन लादेनच्या वेशात. पासवर चक्क विनोद छापलेला, कोणी वाचलाच नाही. शेवटी हे स्वतःच उतरले तेव्हा पकडले गेले.

काळी गाडी आणि झेंडा असला की सलाम ठोकायचा, तपासायचं फक्त पायी येणाऱ्याला. जगभर हीच पद्धत.

ताफेवाला

तिरकस राव, हसू आलं पण यात शिकण्यासारखं आहे. चेकपॉइंटवरच्या पोलिसाला "आता कोणता ताफा अपेक्षित आहे" हे माहीत नसेल तर तो झेंडाच बघणार, दुसरं काय बघणार बिचारा. त्याच्या हातात त्या तासाची यादी पाहिजे, गाडी नंबरांसकट. आणि यादी बदलली की नवीन यादी त्याच्यापर्यंत पोचली का हे बघणारा माणूस पाहिजे. वरच्या ऑफिसात ती दिवसातून दहादा बदलते.

बूथमधली

बराच वेळ वाचतेय, आता राहवत नाही. दुभाष्यांचा विषय कोणीच काढला नाही! नेहमीचंच. आमची आठवण होते ती स्टेज बांधून झाल्यावर, मग बूथ, म्हणजे आम्ही बसतो ती काचेची बंद खोली, ठेवायला जागा नाही म्हणून खांबामागे ढकलतात.

दोन-तीन गोष्टी सांगते. समांतर भाषांतर एक माणूस सलग फार वेळ करू शकत नाही, साधारण अर्ध्या तासाने माईक दुसऱ्याकडे जातो. म्हणजे एका भाषेला एका हॉलमध्ये किमान दोन माणसं, दिवस लांबला तर तीन. संयुक्त राष्ट्रांच्या सहा भाषा धरल्या तर एका हॉलचा हिशेब तुम्हीच करा, आणि समांतर सत्रं किती ते बघून गुणा. त्यात बैठक रात्री लांबली की दुसरी पाळी लागते. वाटाघाटी नेहमी रात्रीच लांबतात, हे दरवेळी आश्चर्य म्हणून का समोर येतं मला कळलेलं नाही.

बूथमधून वक्त्याचा चेहरा दिसलाच पाहिजे. स्क्रीनवर दाखवू म्हणतात, पण स्क्रीनवर तेव्हा स्लाइड असते. आणि भाषण आधी द्या हो! अर्थमंत्री आकडे वाचायला लागतात, एकामागून एक, अब्ज, टक्के, वर्षं, तेव्हा जो बोलत असतो त्याच्या शेजारचा माणूस वहीवर भराभर मोठ्या अक्षरात आकडे लिहून पुढे सरकवतो. माईकचा लाल दिवा चालू, त्यामुळे पान उलटायचा आवाजसुद्धा करायचा नाही. असं चालतं ते. हातात भाषणाची प्रत असेल तर निम्मं टेन्शन जातं, पण "गोपनीय आहे" म्हणून देत नाहीत, आणि तेच भाषण पंधरा मिनिटांत पत्रकारांना वाटतात.

अनुस्वार

बूथमधली ताई, दंडवत. एक शंका, सगळ्या भाषांतून सगळ्या भाषांत करणारे दुभाषे मिळतात का?

बूथमधली

नाही मिळत, म्हणून रिले करतात. म्हणजे समजा अरबीतून चिनी करणारा कोणी नाही, तर अरबीचं आधी इंग्लिश किंवा फ्रेंच होतं, आणि चिनी बूथ ते ऐकून पुढे करतं. त्यामुळे एका बूथचा हेडफोन बिघडला तर चार भाषा बंद पडतात. साउंडवाल्याला हे माहीत पाहिजे की कुठला बूथ पहिला वाचवायचा.

केबलकाका

साउंडवाला हजर आहे ताई. माहीत असतं आम्हाला, आम्हाला कोणी विचारत नाही एवढंच.

वीज दोन वेगळ्या बाजूंनी घ्या, जनरेटर वेगळे, बूथ आणि नोंदणी काउंटर यूपीएसवर. वायफायचा हिशेब माणशी एक फोन असा करू नका, माणशी दोन-तीन यंत्रं धरा. पत्रकार कक्षाला वायर टाका, वायफायच्या भरवशावर ठेवू नका. परदेशी सुरक्षा पथकं आपापले वायरलेस सेट घेऊन येतात, त्यांच्या फ्रिक्वेन्सीला यजमान देशाची आधी परवानगी लागते, नाहीतर तुमच्या कॉर्डलेस माईकमध्ये त्यांचा आवाज येतो. हसू नका, ऐकलाय मी. टीव्हीवाल्यांच्या कॅमेऱ्यांना कस्टमचं कार्नेट, म्हणजे तात्पुरत्या आयातीचा कागद, असतं, त्यासाठी विमानतळावर वेगळा काउंटर ठेवा, रात्री पण उघडा.

तात्पुरत्या मंडपांबद्दल एकच सांगतो. बेलेमला परिषद ऐन भरात असताना २० नोव्हेंबरला पॅव्हिलियनमध्ये आग लागली, सगळा ब्लू झोन, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यातला वाटाघाटींचा भाग, रिकामा करावा लागला. आत यायला लेन किती हे गेटकीपरनी सांगितलं. बाहेर पडायच्या दारांचा हिशेब वेगळा, आणि तो आधी करा.

गेटकीपर

केबलकाका अगदी बरोबर. आणि ब्लू झोनवरून आठवलं, शून्यप्रहर, तुमची परिषद संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली असेल तर यजमान देशाशी करार होतो आणि आतल्या भागाची सुरक्षा त्यांच्याकडे जाते. बाहेर तुमचे पोलीस, आत त्यांचे. कुठल्या रेषेवर काय बदलतं हे त्या करारात असतं. तो वकिलांचा कागद म्हणून बाजूला ठेवू नका, बसून वाचा.

माहितीच्या बाबतीतही सांभाळा. ब्रिस्बेनच्या २०१४ च्या जी-२० ला नेत्यांचे पासपोर्ट नंबर आणि व्हिसाचे तपशील एका अधिकाऱ्याच्या हातून भलत्याच ईमेलवर गेले, एका फुटबॉल स्पर्धेच्या आयोजकांकडे. पत्ता टाइप करताना ऑटोफिलने नाव भरलं आणि बघितलं नाही. तुमच्याकडे त्या एक्सेल शीट आत्ता कोणाकोणाच्या मेलमध्ये फिरतायत बघा बरं.

अनुस्वार

प्रोटोकॉलचं कोणी सांगेल का? झेंडे, बसण्याचा क्रम वगैरे. बाहेरून फुटकळ वाटतं.

जुनाखेळाडू

फुटकळ? १९६८-६९ ला पॅरिसमध्ये व्हिएतनामच्या वाटाघाटी टेबलाचा आकार कसा असावा यावर आठवडेच्या आठवडे अडल्या होत्या. म्हणून नियम आधीच ठरवून टाकतात, म्हणजे माणसावर राग निघत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत तर पहिल्या खुर्चीवर कोणता देश हे दरवर्षी चिठ्ठी काढून ठरतं, पुढे वर्णक्रमाने. झेंड्यांचं म्हणाल तर २०१० ला न्यूयॉर्कमध्ये अमेरिका-आसियान बैठकीत फिलिपिन्सचा झेंडा उलटा लावला गेला. त्यांच्याकडे लाल पट्टा वर म्हणजे युद्ध. अमेरिकेला खुलासा करत बसावं लागलं. एक माणूस फक्त झेंड्यांसाठी ठेवा, हातात प्रत्येक दूतावासाने सही केलेला नमुना देऊन.

तिरकस

आणि शिपायांचे, पोलिसांचे भत्ते वेळेवर द्या. पोर्ट मोरेस्बीला अपेक संपल्यावर भत्ते मिळाले नाहीत म्हणून पोलीस आणि सैनिक संसदेत घुसून तोडफोड करून गेले. त्याआधी चाळीस मसेराटी गाड्या आणल्या होत्या पाहुण्यांसाठी, तो भाग वेगळा. हे मी विनोद म्हणून लिहीत नाहीये.

शून्यप्रहर

आजची मीटिंग झाली. गेटकीपरांचं ताशी गणित आमच्या आकड्यांनी करून मांडलं. आमच्या मुख्य दाराला सात लेन बसतात, लागतायत एकवीस. पाच मिनिटं कोणी बोललं नाही, मग विचारलं गेलं की उद्घाटन अकराला नेलं तर? नेत्यांचा दिवस वेगळा काढायची सूचना "विचाराधीन" आहे. दुभाष्यांचे बूथ मात्र नकाशावर खांबाच्या पुढे आले, बूथमधली ताईंना सांगायचं होतं.

उद्घाटन पुढे ढकलून फरक पडेल का?

गेटकीपर

थोडा पडेल, लोक तासभर उशिरा निघतील आणि तेवढीच गर्दी करतील. खरा फरक पडतो तो बॅज आदल्या दोन दिवसांत विमानतळावर आणि हॉटेलांत वाटून टाकले तर. मग सकाळी दारावर फक्त तपासणी राहते, नोंदणी नाही. आणि दुसरं दार उघडा. सुरक्षावाले नाही म्हणतील, माणसं कमी आहेत म्हणतील, तरी मागा. कर्मचारी, खानपानवाले, तंत्रज्ञ यांना तिकडून पहाटे सहाला आत घ्या, मुख्य दारावरची बरीच गर्दी तिथेच कमी होते.

ताफेवाला

परतीचं विसरू नका. येताना लोक तीन दिवसांत विखुरून येतात, जाताना समारोप संपला की सगळ्यांना त्याच रात्री विमान पाहिजे असतं. आणि समारोप वेळेवर संपत नाही. तेव्हा शेवटच्या दिवशी ड्रायव्हरांची दुसरी पाळी लावून ठेवा. पहिली पाळी सकाळी पाचपासून उभी असते.

बूथमधली

आणि दुभाष्यांची पण!!